उत्क्रांतीत 'बळी तो कान पिळी' एवढंच असतं का?

रंकाळ्याचा_बगळा
उत्क्रांती म्हटलं की लोक 'बळी तो कान पिळी' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. चित्ताच घ्या. संस्थानकाळात आपल्या कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, इथले संपत आले तसे आफ्रिकेतून आणायचे. वेगात त्याला तोड नाही, ती नैसर्गिक निवडीचीच करणी, मान्य. पण शास्त्रज्ञांनी नातं नसलेल्या चित्त्यांची कातडी एकमेकांना लावून बघितली (1985 साली हे छापून आलं), तर शरीरानं ती परकी म्हणून झिडकारली नाही. इतके सगळे एकसारखे! कधीकाळी त्यांची संख्या फार घटली आणि उरलेल्या मूठभरांकडं जी जनुकं होती तीच पुढं आली. चांगली होती म्हणून नव्हे, उरलेल्यांकडं होती म्हणून. यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. लहान कळपात निवडीपेक्षा नशीबच जास्त चालतं, असं माझं मत.

ऊसवाला_पन्हाळा
नशीब म्हणे! भावा, रानात ये जरा. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की कीड दाद देत नाही. डासांनी डीडीटी पचवलं ते काय नशिबानं? फवारणीत कच्चे मरतात, चिवट उरतात, पुढची पिल्लावळ त्यांचीच. डोळा, पंख असलं काही योगायोगानं जुळत नसतं. तुझं ड्रिफ्ट म्हणजे ताटातलं कांदा-लिंबू. मटण निवडीचंच.

रंकाळ्याचा_बगळा
कांदा-लिंबू? मग हे ऐक. पीटर बुरीनं 1956 मध्ये छापलेला प्रयोग. फळमाश्यांचे 107 गट, प्रत्येकात 8 नर, 8 माद्या. डोळ्याच्या रंगाच्या जनुकाची दोन रूपं, सुरुवातीला निम्मी-निम्मी. दर पिढीत डोळे झाकून 16 माश्या उचलायच्या आणि पुढं चालवायचं. 19 पिढ्यांनंतर त्यातलं एक रूप 28 गटांत सगळ्या माश्यांत पसरलं होतं आणि 30 गटांतून पार गायब. खाणं तेच, बाटली तीच. कुठल्या फवारणीनं केलं हे?

मास्तरीणबाई
(बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून तोंड घालते.) तुम्ही दोघंही संख्या विसरताय. ढोबळ हिशेब असा: बदलाचा फायदा '1 भागिले कळपाच्या संख्येची दुप्पट' यापेक्षा कमी असेल तर नशीब भारी, जास्त असेल तर निवड. वीण करणारी 25 जनावरं असतील तर 1/50, म्हणजे 2 टक्के. एखाद्या बदलाचा फायदा 1 टक्का (म्हणजे पिल्लं 1 टक्का जास्त) असेल तर तो यापेक्षा कमी, म्हणून तिथं नशीब भारी. डास लाखोंनी असतात, तिथं तोच 1 टक्का निवड बरोबर हेरते. म्हणून चित्ता बगळ्याचा आणि डास ऊसवाल्याचा.
पण ऊसवाले, एक खोच आहे. मोठ्या संख्येतही 1 टक्का फायद्याचा नवा बदल टिकायची शक्यता साधारण 2 टक्केच. म्हणजे असे 100 चांगले बदल आले तर 98 नुसत्या नशिबानं वाया. सुरुवातीला तो एकाच जिवात असतो ना, त्यालाच बेडकानं गिळलं तर?

रंकाळ्याचा_बगळा
नाद खुळा! जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरा 1968 पासून हेच सांगत होता. रेणूंच्या पातळीवर टिकलेले बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, नशिबानं पसरलेले.

ऊसवाला_पन्हाळा
पण डोळा न् पंख निवडीनंच घडले, हे किमुरानं कुठं नाकारलं? गेलेल्या 98 जणांनी डास चिवट केला नाही, उरलेल्या दोघांनी केला. मी हटत नाही.

दाजीपूरचा_पाव्हणा
ते राहू द्या. आमच्या राधानगरीच्या गव्यांचं काय? त्यांचंही चित्त्यासारखं होणार का?

मास्तरीणबाई
कळप तुटक झाले तर धोका आहेच. पण शेजारच्या जंगलातून दर पिढीत एखाद-दुसरा गवा येऊन इथं वीण झाली, तरी ड्रिफ्टचा जोर बराच मोडतो. जंगलांमधली वाट मात्र उघडी हवी.

ऊसवाला_पन्हाळा
असू द्या की उघडी. फक्त ती माझ्या आडसाली उसातनं नको. मागच्या वेळी अर्धा एकर लोळवलाय.