प्रेसवर भावाचं बोट गेलं, शेठ सही मागतायत. लवकर सांगा (बडोदा)

मकरपुरा_रोड: भाऊ जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी) कामाला आहे. प्रेस मशीन डबल पडलं, म्हणजे एकदा दाबल्यावर दोनदा खाली आलं, बोट गेलं. शेठ ५० हजार देतो म्हणतात, सोमवारी एका कागदावर सही हवी. घ्यावेत की नाही? उपदेश नको.

दांडियाबाजारकर: कुठलं बोट? किती गेलं? ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे का? कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराकडे? यातलं काहीच न सांगता "लवकर सांगा"!

टर्नर_काका: जन्म लेथवर गेला माझा. फिरत्या जॉबवर हातमोजे घालूच नयेत. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. आजकालची पोरं ऐकत नाहीत.

मकरपुरा_रोड: काका, पॉवर प्रेस आहे, लेथ नाही. मोज्यांचा काय संबंध? डावी तर्जनी, दोन पेरं. ठेकेदाराकडे आहे, पगार १६ हजार. ईएसआयचं माहीत नाही.

दांडियाबाजारकर: स्लिपवर १२० रुपये कापलेत का बघ. ईएसआयमध्ये कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के असतो. ठेकेदाराचा माणूस असला तरी ईएसआयची जबाबदारी मूळ कंपनीवर येतेच.

रावपुरा७७: प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे ना? वर्षाला २० रुपयांत २ लाख! आधी बँकेत जा.

दांडियाबाजारकर: बोटासाठी नाही मिळत. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. उगाच फेऱ्या मारायला लावू नका त्यांना.

रावपुरा७७: अर्ज करून बघायला काय जातंय?

सिस्टर_गोत्री: तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. थेट बर्फात टाकू नये.

मकरपुरा_रोड: ताई, ऑपरेशन कधीच झालं. स्लिपवर १२० कापलेत. खासगी दवाखान्याचं बिल शेठनी भरलं, घरी बसूनही हजेरी लावतात, पगार चालू आहे. माणूस वाईट नाही.

दांडियाबाजारकर: तिथेच तर ग्यानबाची मेख आहे! हजेरी लागली म्हणजे कागदोपत्री तो कामावर आहे, अपघात झालाच नाही. अपघाताचा अहवाल ईएसआयकडे गेलाय का विचार. गेला असेल तर काम बंद असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि नंतर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं. तर्जनीच्या दोन पेरांना कायद्याच्या परिशिष्टात ११ टक्के आहेत, डावा-उजवा भेद नाही. म्हणजे महिन्याला साधारण दीड हजार, तेही जन्मभर. ५० हजार तीन वर्षांत फिटतात.

टर्नर_काका: त्यापेक्षा भरपाई कायद्याखाली दावा ठोका. माझ्या मेहुण्याला व्याजासकट मिळाले.

दांडियाबाजारकर: तुमच्या मेहुण्यांच्या कारखान्यात ईएसआय नसणार. असेल तिथे तो दावा चालत नाही, काका.

टर्नर_काका: तुम्ही वकील आहात का?

मकरपुरा_रोड: भांडा नंतर. ठेकेदार म्हणतो, तक्रार केली तर काढून टाकीन.

वाघोडियाकर: ईएसआयचा भत्ता चालू असताना कामावरून काढता येत नाही. पण हजेरी लावून ठेवलीय तोवर भत्ता सुरू कसा होणार? म्हणजे तेही संरक्षण गेलं. केसपेपरवर अपघाताचं कारण काय लिहिलंय ते बघा आधी.

मकरपुरा_रोड: आत्ता बघितलं. "घरी दारात बोट चेमटलं."

वाघोडियाकर: मग सही अजिबात नको. त्या दिवशी बाजूच्या प्रेसवर कोण होतं, दवाखान्यात गाडीतून कुणी नेलं, त्यांची नावं लिहून ठेवा. तो नावांचा कागद, एक्स-रे आणि १२० वाली स्लिप घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात भावाच्या सहीने लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी काही बोलून येऊ नका.

रावपुरा७७: आणि जाता जाता बँकेतही विचारा.

टर्नर_काका: प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं होती की पायडल?

मकरपुरा_रोड: बटणं होती. प्रॉडक्शन निघत नाही म्हणून एक बांधून ठेवलं होतं.

वाघोडियाकर: हेही अर्जात लिहा. कुणी बांधायला सांगितलं, त्याच्या नावासकट.