तिसरी-चौथीला संगणकाचा लेखी पेपर कशाला?

खडूधारी
परवा इथे एकांनी लिहिलं की प्राथमिकला संगणकाचा २० गुणांचा लेखी पेपर ठेवावा: सीपीयूचं पूर्ण रूप, इनपुट-आउटपुटच्या जोड्या, माऊसचं चित्र. कारण म्हणे 'प्रात्यक्षिकात मोजण्यासारखं काही नसतं'. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

चौथीला स्क्रॅचमध्ये (सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर चालवायचं, त्याच्या मागे रेघ उमटते) चौरस द्या. '४ वेळा कर', आत '८० पावलं चाल' आणि '९० अंश वळ'. चौरस आला की ९० चे ६० करा आणि झेंडा (सूचना सुरू करायचं बटण) दाबायच्या आधी विचारा, आता काय उमटेल? उत्तर वहीत, चित्र काढून. बरीच पोरं बंद आकृतीच काढतात. पडद्यावर येतात षटकोनाच्या चार बाजू, तोंड उघडं. मग पुढचा प्रश्न: बंद करायला काय बदलशील? कुणी ४ चे ६ करेल, कुणी ६० चे परत ९०. दोन्ही बरोबर. 'का' सांगता आलं की समजलं, नाही आलं की नुसते आकडे फिरवून बघितले.

गंमत पुढेच आहे. काही न बदलता झेंडा दुसऱ्यांदा दाबला तर षटकोन आपोआप पूर्ण होतो, आणि पोरगं म्हणतं, 'सर, आधीचंच बरोबर होतं!' मांजर थांबल्या जागेवरून, त्याच दिशेने पुढे निघतं आणि आधीच्या रेघाही तशाच असतात, म्हणून. त्यासाठी सुरुवातीलाच 'मध्यावर जा', 'उजवीकडे तोंड कर' आणि मग 'सगळं पुसा' हे तीन ठोकळे याच क्रमाने लावून द्यायचे. पाठ टाचणात हे नसेल तर तासिका गेलीच म्हणून समजा. सीपीयूचं पूर्ण रूप पाठ करून यातलं काय कळतं?

भारनियमन
सर, पट ४२, चालू संगणक ६. एका संगणकावर सात पोरं, माऊस एकाच्या हातात, बाकीचे भांडतात. यूपीएसची बॅटरी मेलेली, वीज गेली की जतन न केलेलं सगळं साफ. तुमच्या 'का'ला पोरामागे तीन मिनिटं धरली तरी १२६ मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासिका धरा, चार लागल्या. लेखी पेपर एकीत होतो. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय धोरणात कोडिंग सहावीपासून आहे. चौथीला ही घाई कुणी सांगितली?

तिरकी रेघ
इंग्लंडात सप्टेंबर २०१४ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांना सूचनांचा क्रम लावणं आणि त्यातली चूक शोधणं शिकवतात. आणि सगळ्यांना एकाच दिवशी विचारा असं कोण म्हणालं? एका तासिकेत सहा-सात जण. बाकीच्यांचा अंदाज वहीत आहेच, तो लेखी पुरावा नाही का? आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) आठ साधन-तंत्रांत दैनंदिन निरीक्षण आहे, प्रात्यक्षिकही आहे. सगळं चाचणीवर ढकलायची सवय आपलीच.

वीज नसेल तर कागदाच्या पट्ट्या. चौरसाच्या सूचना वेगवेगळ्या कापायच्या आणि एक फालतू पट्टी मिसळायची, '४५ अंश वळ' अशी. क्रम लावा, जादाची काढा. जादाची पट्टी घालायला विसरू नका, नाहीतर शेवटी उरलेली पट्टी उरलेल्या जागेत बसवून पोरं मोकळी होतात.

इन्स्क्रिप्टवाली
ते मांजर जरा बाजूला ठेवा. पाचवी झालेल्या पोराला स्वतःचं नाव मराठीत टंकता येत नाही, त्यावर बोला की कुणीतरी. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजवीकडे. 'कमल' म्हणजे के, सी, एन; तीन कळा, शिफ्टसुद्धा नको. तिसरीला एवढं जमतं.

भारनियमन
ताई, टंकलेखन संस्था काढा. फोनवर पोरं बोलून लिहितात. आणि कीबोर्डवर मराठी अक्षरं कुठे छापलीत? स्टिकर लावले तर मधल्या रांगेचे सगळ्यात आधी उडतात.

अर्धचंद्र
रोमनमधून मराठी लिहिणं काय वाईट? मोठे झाल्यावर सगळे तेच करतात.

इन्स्क्रिप्टवाली
ज्याला इंग्रजी स्पेलिंग धड येत नाही त्या पोराने 'पाणी' रोमनमधून लिहायचं? न की ण, ल की ळ, हे तिथे यंत्र सुचवतं, पोर नुसतं यादीतून उचलतं. आणि भाऊ, संस्था काढायची गरज नाही, तुमच्याच विषयाचं सांगते. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण आधी क दाबावा लागतो. 'पर्वत'मध्ये रफार व च्या डोक्यावर, पण टंकताना र, मग पायमोड, मग व. दिसतं एका क्रमाने, यंत्राला द्यायचं दुसऱ्या. मांजर हेच शिकवतं ना? स्टिकर उडतात तर कीबोर्डचं चित्र भिंतीवर लावा, बोटांकडे बघायची सवयही जाते.

खडूधारी
रफाराचं पटलं. पण वेग मोजू नका, मिनिटाला किती शब्द वगैरे. इवल्या हातांना मोठा कीबोर्ड पुरत नाही. तिथे वेगाचे गुण म्हणजे बोटांच्या लांबीचे गुण.

इन्स्क्रिप्टवाली
वेग काढला कुणी? आधी वाचा, मग उपदेश करा.

भारनियमन
तुमचं चालू द्या. त्या पट्ट्या पेपरात छापता येतील, एवढं मान्य. क्रमांक घाला, जादाची खोडा, ५ गुण. झालं समाधान?

तिरकी रेघ
उपकार झाले. सीपीयूचं पूर्ण रूप काढणार का मग?

भारनियमन
काढतो. माऊसचं चित्र मात्र राहणार, तिथे वर्गातलं कुणी नापास होत नाही.