जर्मनीतल्या स्पॅनिश पोरांची दुपारची शाळा, कुणाला माहितीय का?

उदगीरकर: बहीण फ्रँकफर्टला राहायलीय, भाचा पहिलीला. मराठी सगळं समजतंय त्याला पण उत्तर जर्मनमधून, आमच्या आईला व्हिडिओ कॉलवर घंटा कळत नाही. तिची स्पॅनिश शेजारीण म्हणायली की त्यांच्या पोरांचे स्पॅनिशचे वर्ग आजोबांच्या काळापासून चालू हायत आणि मास्तरचा पगार स्पेन सरकार देतंय. खरंय का हे? कसं काय जमलं त्यांना?

गोदाकाठ: खरंय. मार्च 1960 ला जर्मनी-स्पेनचा कामगार भरतीचा करार झाला, स्पेनच्या गॅलिसिया, अँडलुसिया भागातली गरीब माणसं जर्मनीच्या कारखान्यांत गेली. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच, चार पैसे कमवायचे अन् गावी परत. म्हणून स्पेननं मास्तर धाडले, पोरं माघारी आल्यावर मागं पडू नयेत. पण खरी गंमत पुढं हाय. जर्मनीत काही राज्यांत परदेशी पोरांचे वेगळे वर्ग काढायले होते, स्पॅनिश आईबाप म्हणले नको, आमची पोरं सकाळी जर्मन पोरांसंगंच बसतील, स्पॅनिश दुपारी शिकवा. कॅथलिक पाद्र्यांनी साथ दिली, गावोगावी पालक संघटना निघाल्या, 1973 ला त्यांचा महासंघ झाला. बरं हे आईबाप स्वतः जास्त शिकलेले नव्हते, तरी शिक्षणात त्यांची पोरं बाकीच्या परदेशी कामगारांच्या पोरांपेक्षा पुढं गेली. मला तर वाटतं सरकारी पैशापेक्षा ह्या हट्टानंच काम केलं.

1977 ला युरोपीय समुदायानंपण (आताच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) नियम काढला, कामगारांच्या पोरांना मायबोली शिकवायला हातभार लावा म्हणून. आता हे वर्ग 1993 च्या स्पॅनिश सरकारी आदेशावर चालतेत, पोराकडं नाहीतर आईबापापैकी एकाकडं स्पॅनिश नागरिकत्व पाहिजे, निम्मे तास वर्गात, निम्मे ऑनलाइन.

बीडची_ताई: वाचून आमच्याकडचं आठवलं. कोयता घेऊन बिऱ्हाड कारखान्यावर गेलं की पोरांच्या शाळेचं वाटोळं. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, पण पालकांना कुणी विचारलं का कधी? उचल घेतलेला माणूस मुकादमापुढं तोंड उघडंना, संघटना कुठली काढतोय!

शहागंज: अमेरिकेतलं बघा. मायामीच्या कोरल वे शाळेत 1963 पासून अर्धा दिवस इंग्रजी अर्धा दिवस स्पॅनिश, क्युबातून पळून आलेल्यांची पोरं अन् इंग्रजी बोलणारी पोरं दोघंपण दोन्ही भाषा शिकायची. फोर्ड फाउंडेशन ह्या तिथल्या दानसंस्थेचा पैसा होता. तरी 1980 ला त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मतदान घेऊन सरकारी कामात इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेवर खर्च बंद केला, 1993 पर्यंत तसंच.

उदगीरकर: @गोदाकाठ म्हणजे आपलं सरकार मास्तर धाडंल ह्या भरवशावर बसायचं नाही तर.

गोदाकाठ: बसू नका. तिथल्या मराठी मंडळात चौकशी करा, पाच-सहा घरं जमली तरी शनिवारचा वर्ग होतो. अन् आजीला म्हणावं फोनवर रोज गोष्ट सांगत जा, जर्मनमधून उत्तर आलं की पुढची गोष्ट बंद.