मदत हवी आहे: अळीने पाने खाल्लेल्या सागाला युरिया द्यावा का?

नमस्कार. मोहोळ तालुक्यातील आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चार वर्षांचा साग ठिबकवर आहे. यंदा मृगाच्या पावसानंतर फुटलेली कोवळी पालवी अळीने जवळजवळ संपवली. ही अळी पानाची कड कापून तिची घडी घालते आणि त्या आडोशाला राहून खाते. मागे मधली शीर आणि जाड शिरा एवढेच उरते. आता पुन्हा फुटवे दिसू लागले आहेत आणि शेजारचे डाळिंब बागायतदार लगेच युरिया द्या म्हणतात, कारण पाण्याचा ताण देऊन, इथेफॉन फवारून पानगळ केली आणि मग खत-पाणी दिले की बाग जोमाने फुटते, हा त्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

मला मात्र या दोन पानगळींत मोठा फरक वाटतो. पान पिकून गळते तेव्हा झाड त्यातला बराचसा नत्र आधीच साल आणि खोडात ओढून घेते. अळीने हिरवे पान खाल्ले की तो नत्र झाडाच्या हातून जातो; काही भाग विष्ठेतून जमिनीवर पडतो, पण तो कुजून मुळांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. शिवाय नवी पालवी खोडामुळांत साठवलेल्या पिष्टावर फुटते, म्हणजे खोड जाड होण्यासाठी असलेली शिदोरी पानांवर खर्च होते. या हिशेबाने नत्र द्यायला हवे, परंतु नत्राने लुसलुशीत झालेली पालवी अळीलाही तितकीच मानवेल, ही धास्ती आहे. नत्राने घेराची तूट खरोखर भरून निघते का, आणि द्यायचे तर कधी व कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपली मांडणी योग्य आहे. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथील सागाच्या तरुण रोपवनांत केलेल्या अभ्यासात, पाने खाणाऱ्या या अळीमुळे लाकडाच्या घनफळातील संभाव्य वाढ सुमारे 44 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हंगामात उशिरा येऊन पानांची जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीमुळे मात्र लक्षणीय घट आढळली नाही. म्हणून पहिली पालवी वाचवणे हेच मुख्य काम समजावे. टास्मानियात निलगिरीवर झालेल्या प्रयोगांत नत्र मिळालेल्या झाडांनी पानांची तूट लवकर भरून काढली, तेव्हा नत्राचा उपयोग आहेच. पण तो पाने पुन्हा उभी राहण्यापुरता आहे, बुडालेले दिवस त्याने परत येत नाहीत.

आपल्याकडे ओलीची कमतरता हाच खरा अडसर असतो. नव्या फुटव्यांवर अळी नाही याची खात्री करून, जमिनीत ओल असतानाच युरिया ठिबकमधून थोडा थोडा विभागून द्यावा. चुनखडीच्या जमिनीवर तो नुसता फेकल्यास त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे 45 किलोच्या गोणीत साधारण 20.7 किलो, मात्रा माती परीक्षणानंतरच ठरवावी. काही ओळी मुद्दाम युरियाशिवाय ठेवा, सर्व झाडांवर 1.37 मीटर उंचीवर रंगाची खूण करून तिथेच घेर मोजा आणि दिवाळीनंतरचे आकडे इथे जरूर कळवा.