जहाजावर उतरताना वैमानिक इंजिनाचा जोर वाढवतो, हे खरं आहे का?

उद्यमबागचा टर्नर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. गेल्या रविवारी चोर्ल्याच्या घाटानं पोराला घेऊन गोव्याला गेलो होतो, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे तिथं. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सगळी उघड्यावर उभी आहेत, अगदी जवळ जाऊन बघता येतात. पोरगं सातवीत आहे. तिथं त्याला एका पाहुण्यानं सांगितलं की जहाजावर उतरताना विमानाच्या शेपटाखालचा आकडा जहाजावर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो, आणि नेमकं त्याच वेळी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडतो.

घरी येईपर्यंत त्याचं एकच: बाबा, थांबायचंय तर जोर कशाला? तुम्ही गाडी थांबवताना ॲक्सिलरेटर पिळता काय? मला काही सांगता आलं नाही.

माझा स्वतःचाही एक प्रश्न आहे. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी २३०० मीटर. नवी विक्रांत, म्हणजे नौदलाचं विमानं वाहणारं जहाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत २६२ मीटर. तेवढ्यात ते अवजड धूड अडवणारी तार तुटत कशी नाही? कुणी नौदलात होतं काय? सांगा की ओ.

हुक्केरीकर

जोर वाढवतात हे खरं आहे. तार चुकली तर पुन्हा उडता यावं म्हणून. बाकीचं जाणकार सांगतील.

नंदगडचा नौसैनिक (निवृत्त)

टर्नरसाहेब, तुमच्या पोराचा प्रश्न एकदम बरोबर आहे. नव्यानं डेकवर, म्हणजे जहाजाच्या वरच्या सपाट पट्ट्यावर आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. मी १९८३ ते ८६ जुन्या विक्रांतवर डेकवर होतो. तेव्हा अलिझे तारेवर उतरायची, पंख्याची, तीन माणसांची, पाणबुड्या शोधणारी.

आता तुमच्या पोराला असं सांगा. जमिनीवर उतरलेल्या विमानाला पुढं दोन किलोमीटर रस्ता असतो. जहाजावर तारा संपल्या की पुढं समुद्र. आकडा तारांवरून उडी मारून गेला, तर वैमानिकाला ते कळेपर्यंत निम्मा डेक संपलेला असतो. जेटचं इंजिन तर हळूहळू अंगात येतं, मागितल्या क्षणी जोर देत नाही. म्हणून चाकं टेकली की आकडा अडकला की नाही हे बघत न बसता तो थ्रॉटल पूर्ण पुढं ढकलतो. अडकला तर तार त्या जोरासकट ओढून धरते, आणि विमान थांबलंय अशी खूण मिळाली की मग तो जोर काढतो. नाही अडकला तर विमान आधीच उडायच्या तयारीत असतं, तसंच पुढं निघून जातं, चक्कर मारतं, पुन्हा येतं. याला बोल्टर म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही, चांगल्या चांगल्यांचा होतो. तारांचा पट्टा जहाजाच्या लांबीला तिरका केलेला असतो तोही याचसाठी, म्हणजे चुकलेलं विमान पुढं उभ्या केलेल्या विमानांवर जात नाही. ही तिरक्या डेकची कल्पना इंग्रजांची, १९५० नंतरची. त्याआधी सरळ डेकवर आडवं जाळं बांधायला लागायचं.

आता तार. तार विमान थांबवत नाही, हे पहिलं लक्षात घ्या. तार फक्त ओढ खाली पोचवते. डेकच्या खाली ती पुलींवरून फिरून एका लांब सिलिंडरच्या दट्ट्याला जोडलेली असते. विमानानं तार ओढली की दट्ट्या दाबला जातो आणि आतलं तेल एका बारीक तोंडातून जबरदस्तीनं बाहेर पडतं. तुमच्याकडं हायड्रॉलिक प्रेस असेल, तिचा व्हॉल्व्ह आवळल्यावर दांडा कसा जड उतरतो, तसं. ते तोंड किती आवळायचं हे येणाऱ्या विमानाच्या वजनावर ठरतं. वजन चुकीचं लावलं तर हलक्या विमानाला हिसका बसतो, किंवा जड विमान थांबतच नाही. वैमानिकाचं कौतुक सगळे करतात आणि करावंच, पण खाली पोटात बसून वजन लावणारा पोरगाही त्या वैमानिकाचा जीव हातात घेऊन बसलेला असतो. नौदलाचं मिग-२९के हे लढाऊ जेट ताशी सुमारे २४० किलोमीटरवरून दोन-अडीच सेकंदांत शून्यावर येतं ते या तेलामुळं. आणि तार ठरावीक उतरण्या झाल्या की बदलतात, तुटायची वाट बघत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहायचो आणि माना खाली घालून डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचो. खिळा, तारेचा तुकडा, खडा, जे दिसेल ते उचलायचं. इंजिनानं आत ओढलं तर पाती जातात. एका सकाळी मला तारांच्या पट्ट्यात एक वॉशर सापडला. डेकच्या रंगाचाच झालेला, ग्रीसनं चिकटलेला. मी तो वरच्या साहेबांना दिला. त्यांनी तळहातावर घेऊन ओळीतल्या प्रत्येकासमोर धरला, एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी पुन्हा एकदा सगळा डेक चाललो.

निपाणीचे सर

नंदगडकर काका, छान समजावलंत. मी शाळेत १९७१ चं युद्ध शिकवताना जुन्या विक्रांतचं सांगतो. एका बॉयलरला तडा होता, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता, तरी ते बंगालच्या उपसागरात नेलं आणि ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाझार आणि चितगावावर हल्ले केले. मुलं विचारतात, जहाजाचा वेग कमी म्हणून विमानाला काय फरक पडतो?

नंदगडचा नौसैनिक (निवृत्त)

फार फरक पडतो, सर. जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवून जोरात पळवतात, म्हणजे विमान जागेवर असतानाच पंखांवर वारा वाहायला लागतो. विमानाला तेवढा वेग फुकट मिळतो. जहाज मंद आणि वर वाराही पडलेला, तर ती सगळी तूट कॅटापल्टनं, म्हणजे विमानाला डेकवरून पुढं फेकणाऱ्या यंत्रानं भरून काढायची. जुन्या विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट होता. त्यानंच ती विमानं फेकली.

नंतर सी हॅरियरसाठी कॅटापल्ट काढून डेकच्या पुढच्या टोकाला वर जाणारा चढ बांधला. आज कारवारला असते ती विक्रमादित्य आणि नवी विक्रांत, दोन्हींवर चढच आहे. विमानाला आडकाठी लावून धरतात, इंजिन पूर्ण पेटलं की आडकाठी खाली जाते आणि साधारण दोनशे मीटरांत ते वर. यंत्रं कमी, बिघाड कमी. पण कॅटापल्टइतकं इंधन आणि बॉम्ब भरून उडता येत नाही, ही खरी अडचण आहे आणि मला ती सलते. राफेल-एम २६ घ्यायचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. ते विमान मुळात फ्रेंचांच्या कॅटापल्टच्या जहाजासाठी बनलेलं, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये गोव्याला नौदलाच्या हंसा तळावर जमिनीवर बांधलेल्या चढावरून आधी उडवून बघितलं. त्याच तळावर तारेचाही सराव होतो. आपल्या नौदलाच्या तेजसनं तिथं आधी तार पकडली आणि मग ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते विक्रमादित्यवर उतरवलं. त्या दिवशी मी घरी टीव्हीसमोरून उठलो नाही.

उद्यमबागचा टर्नर

काका, सगळं पोराला वाचून दाखवलं. तेलाचं मलाही आता पक्कं कळलं. आमच्या प्रेसवर शनिवारी त्याला व्हॉल्व्ह आवळून दाखवणार आहे. तो विचारतोय, तो वॉशर केवढा होता?

नंदगडचा नौसैनिक (निवृत्त)

तुमच्याकडं आठ एमएमच्या बोल्टला लावता तेवढा. एक त्याच्या हातावर ठेवा.