अनुभव धागा: बँक बुडाली तर पाच लाख कुणाचे, कसे, कधी?

परवा बँकेत एक काका मोठी एफडी मोडून तिच्या पाच पावत्या करून घेत होते. नाव तेच, बँकही तीच. ‘प्रत्येक पावतीला पाच लाखांचा विमा असतो’ असं त्यांना कुणीतरी ठासून सांगितलं होतं. असं ठासून सांगणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच.

आमच्या घरातही हाच समज होता. वडिलांच्या ठेवी एका सहकारी बँकेच्या तीन शाखांमध्ये. रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध आणले आणि कळलं की शाखा कितीही असोत, पावत्या कितीही असोत, एका बँकेत एका माणसाचा हिशेब एकच. मुद्दल 4,90,000, त्यावर चढलेलं व्याज 22,000. हाती आले बरोबर 5,00,000, कारण मर्यादा व्याज धरून मोजतात. वरचे 12,000 अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या बँकेची देणीघेणी मिटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, यादीत. तुमचे अनुभव लिहा. बँकेचं नाव नको, काय झालं तेवढं सांगा.

शाईची दौत
आईबाबांची दोन जोडखाती होती. एका पासबुकावर आधी आईचं नाव, दुसऱ्यावर आधी बाबांचं. खरं तर ती क्लार्कची चूक. बाबा त्यावरून काउंटरवर भांडून आले होते, पण दुरुस्ती करायची राहून गेली ती राहूनच गेली. बँक बुडाली तेव्हा समजलं की नावांचा क्रम वेगळा असेल तर खातं वेगळं धरतात आणि दोन्हींना स्वतंत्र पाच लाखांचं संरक्षण मिळतं. क्रम सारखा असता तर बेरीज झाली असती. बाबा आता त्या क्लार्कची आठवण फार प्रेमाने काढतात. अल्पवयीन नातवाचा पालक म्हणून ठेवलेली रक्कमसुद्धा त्यांच्या स्वतःच्या ठेवीत मिसळली गेली नाही.

गल्ल्यावरून
माझं उलट झालं. दुकानाच्या नावाचं करंट खातं आणि माझं बचत खातं वेगळं, म्हणजे दोनदा पाच लाख, असं गृहीत धरून निवांत होतो. पण दुकान एकट्याच्या मालकीचं, त्यामुळे मी आणि दुकान एकच. भागीदारी असती तर फर्मचं खातं वेगळं धरलं असतं. वर त्याच बँकेचं थकीत कर्ज होतं, ते आधी वळतं करून घेतलं आणि उरलं ते दिलं. चूक कुणाचीच नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जुना टोकनवाला
मी नोकरीला होतो तेव्हा लोक विचारायचे, ‘विम्याचा फॉर्म भरायचा राहिलाय का?’ असा फॉर्मच नसतो. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घेत नाही.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. 1962 साली ही मर्यादा 1,500 रुपये होती. 1960 मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर सरकारने हे मनावर घेतलं. 1993 पासून एक लाख होते, पाच लाख झाले ते 4 फेब्रुवारी 2020 पासून. माझ्या मते त्याहून मोठा बदल 2021 चा. पूर्वी बँकेवर निर्बंध आले की परवाना रद्द होईपर्यंत, अवसायक नेमला जाईपर्यंत वर्षानुवर्षं ताटकळायचं. आता निर्बंधांपासून 90 दिवसांत डीआयसीजीसीने, म्हणजे ठेवींचा विमा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या महामंडळाने, पैसे द्यायचे: पहिल्या 45 दिवसांत बँक यादी पाठवते, पुढच्या 45 दिवसांत छाननी होऊन रक्कम मिळते. विलीनीकरणाच्या हालचाली असतील तर मुदत वाढू शकते.

पण पैसे आपोआप येत नाहीत. संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक द्यावा लागतो. केवायसी अर्धवट असलेले लोक ‘आमचे का नाही आले’ म्हणून बंद शटरसमोर उभे असायचे.

निवांत
लॉकरमधल्या दागिन्यांना हा विमा नाही. पण ते तुमचेच असतात, बँकेच्या देण्याघेण्यात धरलेच जात नाहीत. सासूबाईंना हे पटवायला आठवडा लागला.

दोन पावत्या
आमची पतसंस्था होती. काउंटर, पासबुक, दर संध्याकाळी पिग्मी गोळा करायला येणारा ओळखीचा माणूस, सगळं बँकेसारखंच. आई तिला बँकच म्हणायची. संस्था अडचणीत आल्यावर मी डीआयसीजीसीच्या यादीत नाव शोधत बसले. पतसंस्थांना हा विमा लागूच नाही. सहकारी बँक वेगळी, सहकारी पतसंस्था वेगळी, एवढा एक शब्द आम्हाला महागात पडला. पावती अजून कपाटात आहे, हिरव्या शिक्क्याची.

धागाकर्ता
दोन पावत्या, वाईट वाटलं. हे वाचून कुणीतरी आज पासबुकावरचं नाव नीट वाचेल.

बाकी, ते पाच पावत्यांवाले काका काल पुन्हा भेटले. सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, ‘असू दे आता. पुन्हा त्या रांगेत कोण उभं राहणार?’