प्रतिसाद: ढगाळ दिवस वाया घालवू नका

हिवाळ्यात बंद पडलेल्या कारखान्यांचे फोटो काढण्यावरच्या वरच्या लेखात म्हटलंय की ढगाळ हवेत ते सपाट येतात, म्हणून ऊन पडेपर्यंत थांबावं. बाहेरून टिपताना मला ते अजिबात पटत नाही. बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने १९५९ पासून कित्येक दशकं लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे टिपले, तेही मुद्दाम ढगाळ आभाळाखाली. गडद सावल्या नसल्या की पोलादाचा सांगाडा स्वच्छ दिसतो. शिवाय हिवाळ्यात पानगळ झालेली, त्यामुळे झाडोऱ्यामागे लपलेले पाइप आणि जिनेही उघडे पडतात.

आत मात्र उन्हाची वाट जरूर पाहा. हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने तिरपे किरण फुटक्या खिडक्यांतून पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतात. उन्हाळ्यात दुपारी हे मिळत नाही!

बर्फ असेल तर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) एक्स्पोजर वाढवा, नाहीतर तो राखाडी येतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा. परतल्यावर उबदार खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा, म्हणजे दव पिशवीवर धरेल.

आणि कळकळीने सांगतो, मालकाची परवानगी घ्या, एकटे जाऊ नका. बर्फाखाली गंजलेली जाळी आणि भोकं दिसत नाहीत.